प्लायवुडवरची वर्धा

टक्क. एवढाच आवाज झाला आणि गाडी पुलाच्या मधोमध उभी राहिली. मी कंट्रोलरच्या मागे स्टुलावर बसलो होतो. इंजनाचा दिवा विझलेला, मागचे निळे डबे मुके, आणि इंजनाच्या पुढ्यात दोन रुळांवर आडवा पडलेला एक रुपया. मला आधी कळेचना की हा रुपया तिथे आला कुठून. वर पाहिलं तर समोर एक म्हातारी. हिरवं लुगडं, डोळे मिटलेले, दोन्ही हात जोडून कपाळाला लावलेले. "काय केलं हे? अवो बाई, काय केलं?" मी ओरडलो. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच देवळात चप्पल घालून शिरलो होतो. "गंगामाय हाय न बाबू," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं कशी वलांडाव?" मी म्हटलं, "तुमी कुठं वलांडून राह्यल्या? तुमी तर इथं फरशीवर उभ्या हाय!" त्यावर ती म्हणाली, "गाडी तर चालली न पल्याड." आणि गेली. मागे दुसऱ्या टेबलावर कोणी भोपळ्याचे दिवे मांडले होते, तिकडे वळली. मी चिमट्यानं रुपया उचलला.

आता हे कोणालाही सांगायला गेलं तर तो हसतो. हसा. पण या गाडीच्या रुळांतून करंट जातो. एका रुळाला एक तार, दुसऱ्याला दुसरी, आणि इंजनाची चाकं तो करंट वर उचलतात. दोन रुळांच्या मध्ये लोखंड पडलं की शॉर्ट, खेळ खलास. आणि ही गाडी बंद पडून मला चालणार नव्हतं. आदिलाबादच्या त्या खाजगी शाळेच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं छंदांचं प्रदर्शन होतं, आणि शाळेच्या मालकानं, ज्याला आमच्याकडे सगळे करस्पॉन्डंट साहेब म्हणतात, मला शब्द दिला होता. गाडी तिन्ही दिवस नीट धावली, शेवटच्या दिवशी पाहुण्यांसमोर धावली, तर नव्या इमारतीत तिला कायमची जागा. "चलता हुआ होना, मारोती जी," तो म्हणाला होता. "बंद पडा हुआ सामान तो हमारे स्टोअर में बहुत है." आणि जागा मिळाली नाही तर? तर घरी परत न्यायला माझ्याकडे खोली नव्हती. दादाच्या पोराचं, वैभवचं, लग्न ठरलं होतं, वरची खोली नव्या नवरीला द्यायची होती, आणि दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, बापूजीनं, जेवता जेवता सांगून टाकलं होतं की ते लाकडाचं लचांड हलव, नाही तर भंगारवाल्याला वर बोलावतो. जेवता जेवता! हातातला घाससुद्धा खाली ठेवला नाही.

लचांड. अर्ध्या भिंतीएवढं प्लायवुड, त्यावर थर्मोकोल आणि प्लास्टरचे डोंगर, वाळवलेल्या काडक्यांची सागवानं, आसिफाबाद रोडचं स्टेशन, सिग्नलचे लाल-हिरवे दिवे, मालधक्क्यावर खऱ्या कापसाच्या गाठी, आणि शेवटी वर्धेचा पूल. पुलासाठी मी पत्रा कापला, पट्ट्या केल्या, एकेक गर्डर उभा केला आणि त्यावर रिव्हेटचे ठिपके सुईच्या टोकानं उमटवले. नदी रेझिनची. ते दाट, पारदर्शक रसायन थर देऊन ओतायचं, वाळू द्यायचं, पुन्हा ओतायचं. मध्ये माशी बसली तर ती जन्माची तिथेच. रंग जमेना. निळा दिला तर कॅलेंडरमधली नदी व्हायची. मग एकदा दुकानात बसलेलो असताना समोरच्या चहावाल्याच्या पातेल्यात उरलेला चोथा पाहिला आणि कळलं की हाच, आमच्या वर्धेचा श्रावणातला रंग हाच. त्या दिवशी गिऱ्हाईक बल्ब मागत उभं होतं, मी शटर अर्धं ओढलं आणि घरी आलो.

मला माणसं आवडत नाहीत, हे मी लपवत नाही. इलेक्ट्रिकलचं दुकान चालवा, तुम्हालाही आवडणार नाहीत. बल्ब उडवून आणतात आणि म्हणतात लावलाच नाही. मोटर पाण्यात बुडवून आणतात आणि म्हणतात तुमचीच वायर खराब. प्रदर्शनात तर ही सगळी जमात एका ठिकाणी गोळा झाली होती. "कितीले घेतली?" "चायना का?" "याचा फायदा काय पण?" एकानं तर डोंगराला बोट खुपसून पाहिलं आणि बोटाला लागलेलं प्लास्टर माझ्याच टेबलाच्या कापडाला पुसलं. एक बाई आसिफाबाद रोडच्या स्टेशनाकडे पाहून म्हणाली, "इथं तर संडास नाईच दाखवला." दाखवला होता. झाडामागे होता, जसा खरोखर आहे तसा. त्या पहिल्या दिवशी म्हातारीनंतर आणखी रुपये पडले. एक दाढीवाला गुरुजी, शिकलेला माणूस, त्यानं टाकला. तेलुगू बोलणाऱ्या दोन बहिणी होत्या, त्यांनी आधी नाणं कपाळाला लावलं, मग टाकलं. गाडी पुलावर आली की त्यांचे हात आपोआप खिशाकडे, कमरेकडे जायचे, जसं खोकला आला की हात तोंडाकडे जातो. त्यातले बरेच गर्डरवर आपटायचे, काही रेझिनवर पडून सरकायचे आणि ओरखडा काढायचे, आणि एखादा बरोबर रुळावर. टक्क. मी उठायचो, चिमटा घ्यायचो, शिव्या गिळायचो. सगळ्याच गिळल्या असं नाही.

तो गर्डरवरचा आवाज मला माहीत होता. आम्ही तेव्हा वांकिडीला राहत होतो. आईचं माहेर बल्लारशाचं. आसिफाबाद रोडला पॅसेंजर पकडायची, मांडीवर पिशवी, पिशवीत गूळपोळ्या, आणि बल्लारशाच्या अलीकडे पुलाचा तो धडधड आवाज सुरू झाला की अख्खा डबा जागा व्हायचा. बाया पदराच्या गाठी सोडायच्या. आई, तुळजाबाई तिचं नाव, आम्हा दोघांच्या हातात एकेक नाणं द्यायची आणि म्हणायची, बोलू नका, मागा. खिडकी दादाची. खिडकी नेहमी दादाची, कारण तो मोठा. तो आरामात हात बाहेर काढून टाकायचा आणि त्याचं नाणं चमकत खाली जायचं. मला त्याच्या मांडीवरून वाकून, गजांतून हात काढून टाकावं लागायचं. एकदा माझं नाणं गर्डरला लागलं, टण्णकन, आणि उलट डब्यात येऊन एका माणसाच्या डोक्यावर पडलं. डबा हसला. दादा तर असा हसला की त्याला ठसका लागला. "याचं तर नदीनंबी घेतलं नाई!" आईसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून. ते वाक्य मग घरात राहायला आलं, पाहुण्यासारखं नाही, जावयासारखं. मी दहावीत नापास झालो, याचं नदीनंबी घेतलं नाई. माझं पहिलं लग्न मोडलं, याचं नदीनंबी घेतलं नाई. रंजीताशी लग्न झालं त्या मांडवातसुद्धा दादानं ते कोणाला तरी सांगितलं आणि माझी नवी बायको माझ्याकडे बघून हसली. मी त्या माणसाबरोबर एका घरात राहतो, एका दुकानाचा गल्ला वाटून घेतो, आणि मनात त्याला रोज एकदा तरी पुलावरून खाली ढकलतो. हे पाप असेल तर असो.

दुसऱ्या दिवशी मी पाटी लिहून लावली. तेलुगूत, मराठीत, हिंदीत: नदीत पैसे टाकू नयेत. आणि काय झालं? काल ज्यांच्या डोक्यात नव्हतं त्यांच्याही डोक्यात आलं. लोक पाटी वाचायचे, एकमेकांना वाचून दाखवायचे, आणि विचारायचे, "काऊन टाकू नये? इथलं फळत नाई का?" एकानं सांगितलं की फळतं, म्हणूनच मनाई आहे. दुपारपर्यंत इचोड्याहून, कुठून कुठून माणसं यायला लागली, फक्त माझ्या टेबलापाशी. भोपळ्यावाला बिचारा एकटा बसला. मी पाटी काढली. मग जुनी मच्छरदाणी कापून नदीवर ताणली. पैसे मच्छरदाणीत पडायचे, वजनानं ती खाली झुकायची, आणि गाडी आली की डब्याच्या छपराला अडकायची. मी ती ओरबाडून काढली आणि त्यात एक गर्डर वाकला. मायला, त्या एका गर्डरला मला पूर्ण दिवाळी लागली होती! तेवढ्यात रंजीता जेवणाचा डबा घेऊन आली. ती कधी वरच्या खोलीत यायची नाही. तिच्या हिशेबी त्या खोलीत तिची सवत राहत होती. ती आता पहिल्यांदा टेबलापाशी उभी राहून सगळं पाहत होती, पदर खोचून, तपासणीला आल्यासारखी. गाडी पुलावर चढली. मी तिच्या हाताकडे पाहत होतो.

तिनं टाकलं नाही. ती म्हणाली, "हे बल्लारशाचा पूल होय न?" मी म्हटलं, होय. "आवाज नाई येत पण." "आवाज कसा येईन? पत्र्याचा हाय." "मंग लोकं कायले टाकून राह्यले?" मी म्हटलं, "अडाणी हाय म्हणून." तिनं माझ्याकडे पाहिलं, डबा कंट्रोलरच्या बाजूला ठेवला. "अडाणी तुमी होय," ती म्हणाली. "येवढ्या लोकाइले ते नदी खरी वाटून राह्यली. आनंद मानाचा सोडून, कुत्र्यासारखे भुकून राह्यले त्यांच्यावर." मला असा संताप आला! एवढी वर्षं एकदा वर आली नाही, कधी चहा आणून दिला नाही, खोकल्याचं औषधसुद्धा जिन्याच्या पायरीवर ठेवून गेली, आणि आज मला शिकवणार. मी म्हटलं, "तू घरी जाय." ती गेली. डब्यात मेथीची भाजी होती आणि ती मी खाल्ली, कारण भूक लागली होती. खाताना मला तिचंच वाक्य आठवत होतं आणि मी ते पुन्हा पुन्हा खोडत होतो. खरं वाटलं तर नीट पाहा ना! सिग्नल पाहा, रिव्हेट पाहा. खरं वाटलं म्हणून त्यावर लोखंड फेकायचं, हा कोणता न्याय?

तिसऱ्या दिवशी करस्पॉन्डंट साहेब पाहुणे घेऊन आले. रेल्वेतून निवृत्त झालेले एक साहेब होते, पांढऱ्या मिशा, हातात छत्री. मी सकाळीच टेबलासमोर दोरी बांधली होती आणि लोकांना इतकं मागे ठेवलं होतं की फेकलं तरी पोचणार नाही. गाडी सुटली. आसिफाबाद रोड, सिग्नल हिरवा, डोंगराच्या पोटातून वळण, मालधक्का. ते साहेब दोरीच्या आत आले आणि वाकले. पुलाच्या अगदी जवळ वाकले, चष्मा वर केला. "रिव्हेट भी लगाए हैं," ते हळूच म्हणाले, मला नाही, स्वतःलाच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका माणसानं पाहिलं होतं. मी वेग कमी केला, मुद्दाम, पुलावर गाडी हळू यावी म्हणून, खरी येते तशी. आणि त्याच वेळी दोरीच्या पलीकडून दादा आला. अख्खं घर घेऊन आला होता, वहिनी, वैभव, पोरीकडचे पाहुणे. घरच्या माणसाला दोरी कोण अडवणार? तो सरळ आत आला, गाडी पुलावर पाहिली, टोपी काढली, डोळे मिटले, आणि सदऱ्याच्या खिशातून नाणं काढून टाकलं. त्याचं नाणं गर्डरला लागलं नाही. गर्डरच्या मधून गेलं, सरळ रुळावर. टक्क.

"मुद्दाम टाकला तू!" मी ओरडलो. दादानं डोळे उघडले. "काय झालं बे?" "मुद्दाम! तुले मालूम होतं! घरी रोज सांगून राह्यलो का पैसे पडले की बंद पडते!" त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "आईच्या नावाचा टाकला रे. हात गेला." मी म्हटलं, "आईचं नाव घेऊ नको. जन्मभर खिडकी घेतली तू, आता हेबी घे." काय बोललो ते पोरीकडच्या पाहुण्यांना कळलं नाही, पण दादाला कळलं. खाली बघत त्यानं टोपी घातली. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. ते रेल्वेवाले साहेब छत्री टेकून सरळ उभे राहिले, घड्याळ पाहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. भोपळे त्यांना फार आवडले म्हणे.

मी समजलो, संपलं. इंजन उचलून खोक्यात ठेवत होतो तर करस्पॉन्डंट साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून हसतायत. "काय को टेन्शन लेते, मारोती जी? जगह पक्की." मी म्हटलं, गाडी तर बंद पडली. "गाडी को छोडो. पब्लिक किसके वास्ते आरी, देखे नै? नदी हिट है!" त्यांनी सगळं ठरवूनच टाकलं होतं. नव्या इमारतीत जिन्याखाली मांडायचं, वर अम्मवारूचा, म्हणजे देवीचा, एक फोटो, बाजूला हुंडी, म्हणजे दानपेटी. "गाडी नै चली तो भी चलता." दादा मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "झालं न मारोती, जागा भेटली." वहिनीनं सुटकेचा श्वास सोडला, मला ऐकू आला. मला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणून न्यायचं कुठं? डोक्यावर? मी हो म्हणालो आणि इंजन काढून घेतलं. फक्त इंजन. डबे राहू दिले आसिफाबाद रोडच्या फलाटाला लागलेले.

लग्न झालं. खोलीला गुलाबी रंग लागला. इंजन मी रुमालात गुंडाळून दुकानाच्या पिशवीत ठेवायचो, कारण घरात ते ठेवायला कोपरा उरला नव्हता. गिऱ्हाइकांशी मी आणखी भांडायला लागलो, दादाशी बोलणं बंद, रंजीताशी मिठापुरतं. आणि एक दिवस दुपारी मी दुकानातली पत्रा कापायची करवत त्याच पिशवीत टाकली आणि शाळेकडे निघालो. पूल कापून आणायचा, एवढंच. नदी त्यांना राहू दे, फोटो राहू दे, हुंडी राहू दे. पूल माझा.

जिन्याखाली ट्यूबलाइट होती. नदी पैशांनी झाकली होती, चहाचा रंग कुठं दिसेना. रुळांवर पैसे, गर्डरना हळदीकुंकू, मालधक्क्यावर कोणी अर्धा नारळ ठेवलेला, आसिफाबाद रोडच्या छपरावर उदबत्तीची राख. मी पिशवीत हात घातला. समोर फरशीवर दोन बाया बसल्या होत्या. एक तरणी, एक म्हातारी, सासू-सुना असाव्यात. मधे पिशवी, पिशवीवर दुमडलेली चादर, म्हातारीनं पाय पसरून दिलेले. बेज्जूरकडून आलेल्या, बोलण्यावरून कळलं. म्हातारीच्या एका डोळ्यात पांढरं पडलं होतं. तिच्या मुठीत काहीतरी होतं. मी विचारलं, "इथं काऊन बसल्या?" सून म्हणाली, "गाडी पुलावर आली का पैसा टाकतेत म्हणे. गाडीच येऊन नाई राह्यली." "मंग असाच टाका न. सगळे टाकतेत." म्हातारीनं मान हलवली. "असा नाई चालत. गाडी आली पायजे." मी म्हटलं, "गाडी येत नाई इथं." सून चिडली. माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमाले काय मालूम?"

काय मालूम! मी करवतीची मूठ धरून उभा होतो. या बाईला सांगायचं का, की बये, त्या पुलाच्या प्रत्येक ठिपक्यासाठी मी डोळे फोडलेत, ही तुझी गंगामाय माझ्या घरी बादलीत कालवली होती? सून तोंड फिरवून सासूला म्हणाली, "येईन वो, बसा. लेट असन." आणि म्हातारी खरंच बसून राहिली. भिंतीला टेकली, चांगला डोळा बोगद्याच्या तोंडावर लावला. तिला कोणी सांगितलं नव्हतं की गाडी तिथून निघते. माझ्या संतापाला आता तोंडच सापडेना. दादा आठवला, रंजीता आठवली, सगळ्यांवर ओरडावंसं वाटलं, आणि समोर या दोघी, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या गाडीची वाट पाहत बसलेल्या.

"सरका," मी म्हणालो. "पाय घ्या आत." करवत खाली ठेवली. नारळ उचलून बाजूला केला. रुळांवरचे पैसे दोन्ही हातांनी नदीत लोटले, राख फुंकली, रुमालानं रूळ पुसले, पुन्हा पुसले. टेबलाखाली कंट्रोलर तसाच होता, धुळीनं भरलेला. पिशवीतलं इंजन बोगद्याआड ठेवलं, डबे जोडले. सून उठून उभी राहिली. मी बटण फिरवलं. थोडं गुरगुरलं, थांबलं, मग दिवा लागला.

"आली का व?" म्हातारीनं सुनेला विचारलं.

"येऊन राह्यली!" सुनेच्या आधी मीच खेकसलो. "उठा आता. अन् रुळावर नाई, खाली नदीत टाकाचा. पैसा हातात धरा, पुलावर आली का मी सांगतो."